किल्ली त्याची हरवली, आणि हरवलेला मी

असोदा, ता. जि. जळगाव
१६ मे, शुक्रवार, दुपार (लाईट आहे तोवर)

प्रिय दोस्त सत्तारभाई यांस,

असोद्याहून तोताराम कंडक्टरचा सलाम आणि नमस्कार. जमीलाभाभींना वेगळा नमस्कार (तुझ्या नमस्कारात गुंडाळून पाठवलेला त्यांना चालत नाही, हे मला माहीत आहे). इकडे सगळे खुशाल आहोत. ऊन पंचेचाळीसला जाऊन टेकलंय, केळीची पानं दुपारी मान टाकतात आणि माणसंही. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी चालायला सांगितलं असेल तर चाल. एकतीस वर्षं तू त्या पायाने क्लच दाबलास, आता त्याला थोडं जमिनीवर टेकव. तुझ्या नातीचा, खुशनुमाचा निकाल लागला का तेही कळव.

फोन असताना पत्र का, असं तू विचारशील. माझ्या फोनवर आता माझा ताबा राहिलेला नाही. मी कोणाला काय लिहिलं, कोणाशी किती वेळ बोललो, हे सूनबाई ज्योत्स्ना रोज संध्याकाळी प्रेमाने तपासते. पोस्टाच्या पेटीत टाकलेलं पत्र कोणाला तपासता येत नाही. म्हणून शाळेच्या वहीची चार पानं फाडली आणि बसलो.

मुद्दा आधीच सांगतो. आमच्या घरात ठराव झाला आहे की तोताराम नानाने यापुढे एकट्याने असोद्याच्या बाहेर पडायचं नाही. जळगावला नाही, भुसावळला नाही, आणि धुळ्याला तर नाहीच नाही. म्हणजे एकतीस मेला मी एकटा तुझ्याकडे यायचं नाही. मास्तरांच्या कृपेने आपल्या दोघांचीही जन्मतारीख एक जून लागली, म्हणून दोघं एकाच दिवशी, एकतीस मेला, रिटायर झालो, आणि गेली आठ वर्षं तो दिवस आपण सोडलेला नाही. एक वर्ष तू जळगावला, एक वर्ष मी धुळ्याला, स्टँडवरचा चहा, आणि मग दिवसभर जुन्या अधिकाऱ्यांची निंदा. यंदा पाळी माझी आहे. आणि आता स्वप्नील म्हणतो, नाना, मी गाडीने सोडतो, तासभर थांबतो आणि घेऊन येतो. तासभर! निंदेला नुसती सुरुवात करायलाच आपल्याला तासभर लागतो. त्यातून समोर मुलगा बसलेला. मी येणार आहे, सत्तारभाई, आणि एकटा येणार आहे. का आणि कसं, ते सगळं सांगतो. ऐकून तूच ठरव हरवलं कोण होतं.

झालं असं, की गेल्या रविवारी आम्ही हायवेवरच्या त्या नवीन पार्कात गेलो. नाव एवढं लांब आहे की कमानीवर दोन ओळींत बसवलंय. आत झुले आहेत, पाण्याच्या घसरगुंड्या आहेत, खोटा धबधबा आहे, आणि एक सिमेंटचा हत्ती आहे जो दर पाच मिनिटांनी लोकांवर पाणी उडवतो (हत्ती सोडला तर कोणी वेळ पाळत नव्हतं). आम्ही नऊ जण होतो. मी, सौ. नानीबाई, स्वप्नील, ज्योत्स्ना, त्यांची दोन शाळेतली पोरं, आणि माझा धाकटा भाऊ रोहिदास, त्याची बायको व मुलगा. सगळे रोहिदासच्या जीपमध्ये. आमच्या घरात माणशी एक फोन आहे. नानीबाईलासुद्धा ज्योत्स्नाने आपला जुना दिला आहे, त्यावर ती सकाळी देवाचे फोटो बघते.

निघायच्या आदल्या दिवशी ओट्यावर बैठक बसली. विषय, पार्कात एकमेकांच्या संपर्कात कसं राहायचं. मी साधा उपाय सांगितला. दर तासाला सगळ्यांनी एका ठरलेल्या जागी जमायचं, मी शिट्टी मारीन, मोजीन, आणि सोडून देईन. एकतीस वर्षांत माझ्या गाडीतून एक माणूस मागे राहिला नाही. (एरंडोलची ती म्हातारी मागे राहिली नव्हती, ती स्वतःहून उतरून वांगी घ्यायला गेली होती. तू साक्षीदार आहेस.) यावर सगळे हसले. स्वप्नील दीपनगरला वीज केंद्रात ऑपरेटर आहे, त्यामुळे तो कुठलीही गोष्ट समोर पॅनल असल्यासारखी सांगतो. त्याने फोनवर सगळ्यांचा एक ग्रुप काढला आणि म्हणाला, नाना, आता शिट्टीचा जमाना गेला, यात नकाशावर प्रत्येकाचा चेहरा दिसतो, कोण कुठे आहे ते बसल्या जागी कळतं. ज्योत्स्नाने मला चार वेळा करून दाखवलं. चेहरा म्हणजे बोराएवढा गोल फोटो. शेवटी स्वप्नील जे वाक्य बोलला ते मी शब्दाला शब्द लिहितो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. तो म्हणाला, "नाना, एकदा तरी आमचं ऐका, फोन सांगेल तिथेच जा." मी ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा मुलाचं ऐकलं, आणि त्याचं फळ बघ.

पार्काच्या दारात पिशव्या तपासतात. आमच्या पिशवीत नानीबाईने पहाटे उठून केलेल्या दशम्या होत्या आणि डबाभर शेंगदाण्याची चटणी. दारावरचा माणूस म्हणाला, बाहेरचं खाणं आत चालत नाही, इथे टाका. टाका? सत्तारभाई, मी या हातांनी कोंबड्यांच्या पाट्यांना जागा करून दिली आहे, लग्नाचे रुखवत टपावर चढवले आहेत, आणि हा मला दशम्या टाकायला सांगतो. माझा आवाज थोडा चढला. मागे रांग वाढली, पोरं लाजेने दुसरीकडे बघायला लागली. मी सगळ्यांना म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी पिशवी जीपमध्ये ठेवून येतो, फोन आहेच. तेव्हा अकरा वाजले होते. मी पिशवी जीपमध्ये नेली. (आता नेलीच आहे तर दोन दशम्या खाल्ल्या. त्या नियम मोडून खाल्ल्या नाहीत, जीप पार्काच्या बाहेर उभी होती.) मग परत आलो, त्या माणसाला रिकामे हात दाखवले, आणि आत शिरून शिकवल्याप्रमाणे नकाशा उघडला.

काय सांगू, मन भरून आलं. आठच्या आठ चेहरे एका जागी. एकाला एक चिकटून, जणू द्राक्षाचा घड. आमचं घर जेवायला सुद्धा असं एकत्र बसत नाही. मी त्या चेहऱ्यांच्या दिशेने निघालो. हत्तीने मला भिजवलं, तरी थांबलो नाही. चालत चालत एका लांब खोलीत पोचलो. आत भिंतभर लोखंडी कपाटं, छोटी छोटी, प्रत्येकाला नंबर. ओले लोक येत होते, कपडे बदलून जात होते. आमचं कोणी नाही. फोन म्हणतो, तू बरोबर त्यांच्या मध्ये उभा आहेस. मी आजूबाजूला बघितलं, वर बघितलं. मग स्वप्नीलला फोन लावला, आणि एकशे बारा नंबरचं कपाट वाजायला लागलं. ज्योत्स्नाला लावला, तेच कपाट. रोहिदासला लावला, तेच. तेव्हा डोक्यात उजेड पडला. हे लोक पाण्यात उतरले होते आणि फोन भिजतील म्हणून सगळ्यांनी ते एका थैलीत घालून कपाटात बंद केले होते. ज्या फोनच्या जिवावर माझी शिट्टी घरी ठेवायला लावली, ते आठही फोन कुलपात, आणि नकाशा मात्र इमानदारीने सांगतोय की सगळं कुटुंब सुखरूप एकत्र आहे.

आता इथे कोणीही घाबरून इकडेतिकडे धावलं असतं. मी धावलो नाही. आपल्या धंद्यातली पहिली गोष्ट काय? चुकलेला प्रवासी सामानापाशी परत येतो. त्याला शोधत फिरायचं नाही, सामानापाशी बसायचं. माझे आठ प्रवासी कुठेही असोत, फोनशिवाय ते घरी जाणार नाहीत (बायको-मुलांशिवाय गेले असते, फोनशिवाय नाही). म्हणून मी एकशे बाराच्या समोरच्या बाकावर बसलो. बाकावर सोनगीरचा रतिलाल म्हणून एक गृहस्थ होता, तांब्याची भांडी घडवणारा, तोही आपल्या घरच्यांच्या चपला राखत बसलेला. आमच्या छान गप्पा झाल्या. मी मधून मधून नकाशा उघडून मोजायचो. आठ. पुन्हा मोजायचो. आठ. गाडी भरलेली, काळजीचं कारण नाही.

तिकडे काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. दोन वाजेपर्यंत त्यांना माझी आठवणसुद्धा झाली नाही. त्यांना वाटलं, नाना कुठेतरी सावलीत बसून कोणाशी तरी भांडत असेल. जेवायला जमले तेव्हा मोजलं, तर आठ. मग धावाधाव. दारावर गेले, जीपपाशी गेले (दोन दशम्या कमी आहेत हे नानीबाईने ओळखलं, एवढाच माझा माग लागला). मला फोन करायचा तर फोन कपाटात, आणि कपाटाची किल्ली ज्या रबरी पट्ट्याला होती तो पट्टा स्वप्नीलच्या मनगटावरून लाटांच्या हौदात निसटलेला. कोणाचा तरी फोन मागून करावा, तर आठ शिकलेल्या माणसांपैकी एकालाही माझा नंबर पाठ नव्हता. मला आजही जळगाव डेपोचा पाठ आहे, धुळे कंट्रोलचा पाठ आहे, तुझ्या शेजारच्या किराणा दुकानाचा पाठ आहे. मग ते ऑफिसात गेले. तिथला माणूस म्हणाला, किल्लीसाठी अर्ज द्या, गर्दी ओसरली की आमचा माणूस येऊन कपाट उघडेल, आणि आजोबांसाठी इथेच बसा, हरवलेलं माणूस शेवटी इथेच येतं. म्हणून ते तिथे बसले माझी वाट बघत आणि मी इथे बसलो त्यांची वाट बघत. दोघांमध्ये फक्त एक हत्ती.

अडीच वाजता भोंग्यावर आवाज आला. असोद्याचे तोताराम नाना, वय सहासष्ट, पांढरा सदरा, पांढरी टोपी, हे हरवलेले आहेत, कोणाला दिसल्यास कार्यालयात आणावे. आता तुझ्यापासून काय लपवायचं? घरी मी सांगितलंय की गोंगाटात ऐकू आलं नाही. मला ऐकू आलं. तीनही वेळा आलं. पण "हरवलेले"? मी कुठे आहे ते मला माहीत होतं, त्यांचे फोन कुठे आहेत ते मला माहीत होतं, त्या सगळ्या पार्कात आपण कुठे आणि कशासाठी बसलोय हे ठाऊक असलेला बहुधा मी एकटाच माणूस होतो. आणि "आणावे"? टपावरून पडलेलं गाठोडं आहे का मी? मी उठून त्या खिडकीपाशी गेलो असतो तर तो कबुलीजबाब झाला असता. रतिलाल माझ्याकडे निरखून बघत म्हणाला, "नाना, वय बी तेच सांगी ऱ्हायनात, सदरा बी तोच." मी टोपी काढून खिशात घातली आणि त्याला म्हटलं, असेल कोणी बिचारा.

पावणेपाच वाजता ऑफिसचा माणूस हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन आला, त्याच्या मागे स्वप्नील, आणि स्वप्नीलच्या मागे बाकीचे सगळे. मी बाकावरून उठलो, आठ मोजले, आणि म्हटलं, चला, सगळे आले, उशीर का केला? मला खरोखर वाटलं होतं की शाबासकी मिळेल. स्वप्नील असा काही बोलला की रतिलालने चपला उचलून जागा बदलली. नाना, तुम्हाला कळतं का, नाना, आम्ही पोलिसांत जाणार होतो, नाना, आपण नऊ जण होतो. मी म्हटलं, मी तर आठ मोजले, आणि आठ भरले. सत्तारभाई, कंडक्टर दारात उभा राहून आतल्यांना मोजतो, स्वतःला मोजत नाही. एकतीस वर्षांची सवय आहे, ती एका रविवारी कशी जाणार? मी ते समजावून सांगत होतो, तेवढ्यात नानीबाई पुढे आली. ती अमळनेरकडची, चाळीस वर्षं असोद्यात राहूनही बोली बदलली नाही तिने. ती अजिबात चिडली नाही, म्हणून मला जास्त लागलं.

"बठ्ठा उनात," ती म्हणाली, "तुम्हीच नही व्हतात. तुम्हले कोन मोजी?"

म्हणजे सगळे आले, फक्त मीच नव्हतो. मी टोपी घातली.

येताना जीपमध्येच सभा झाली आणि एकमताने ठराव पास झाला (माझं मत धरलं नाही). मी एकट्याने बाहेर जायचं नाही. मनगटावर एक घड्याळ बांधलंय, ते मी कुठे आहे हे स्वप्नीलला दीपनगरला बसून सांगतं. आणि सदऱ्याच्या खिशात एक कार्ड, त्यावर माझं नाव, गाव आणि त्याचा नंबर. म्हणजे त्यांना माझा नंबर पाठ होत नाही, म्हणून त्यांचा नंबर मी खिशात घेऊन फिरायचा. किल्ली हरवली त्याची. फोन कुलपात गेले त्यांचे. नंबर विसरले ते. आणि हरवलेला मी! हा न्याय कुठल्या खात्याचा आहे ते मला सांग.

तेव्हा लिहून ठेव. एकतीस तारखेला सकाळी सातच्या जळगाव-धुळे गाडीने मी निघणार. पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे, डोळे बांधून बसवलं तरी वळणावरून सांगेन कुठे आलो ते. साडेनऊच्या सुमारास धुळे स्टँड. तू गुडघा घेऊन स्टँडवर येऊ नकोस, कोणी मला उतरवून घ्यायला आलेलं मला चालणार नाही. घड्याळ मी आदल्या दिवशी काढून देव्हाऱ्यात ठेवणार आहे, स्वप्नीलला वाटू दे की म्हातारा पूजेला बसलाय. संध्याकाळच्या गाडीने परत. त्यानंतर घरात जे व्हायचं ते होईल, मी बघून घेईन. सहासष्टाव्या वर्षी माणसाला स्वतःच्या पायांनी स्वतःच्या मित्राकडे जाता येत नसेल तर ती सर्व्हिस कशासाठी केली?

जमीलाभाभींना पुन्हा नमस्कार, खुशनुमाला आशीर्वाद. गुडघ्याला शेक दे.

तुझा, कोणाच्याही सोबतीची गरज नसलेला,
तोताराम

ता. क. तुझ्या घराच्या गल्लीत ते औषधाचं दुकान डावीकडे की उजवीकडे, तेवढं कळव. मला माहीत आहे, पण लोक दुकानं हलवतात.

ता. क. दुसरा. पत्र बंद करणार होतो, पण तुझ्याशी खोटं बोलून चालणार नाही. स्वप्नीलला मी घाबरत नाही, ते घड्याळ आणि कार्ड दोन दिवसांत मोडून ठेवीन. अडचण वेगळी आहे. काल दुपारी नानीबाई शेंगा फोडत होती. मी तिला ऐकवत होतो की मी जाणार, एकटाच जाणार, माझी गाडी आहे, माझा रस्ता आहे. तिने शेंगेवरची नजर वर केली नाही. एवढंच म्हणाली, "तुमनी गाडीमा मी कधी बसनूच नही."

तुला आठवत असेल, कंडक्टरने बायकोला पुढची सीट दिली असं कोणी म्हणू नये म्हणून मी घरचं माणूस आपल्या गाडीत कधी घेतलं नाही. मोठा अभिमान होता मला त्याचा, डेपोत सांगत फिरायचो. एकदा ती माहेराहून येत होती, पारोळ्याच्या थांब्यावर उभी, कडेवर स्वप्नील, उन्हाने पोर लाल झालेलं, आणि समोर नेमकी आपली गाडी लागली. मी तिला म्हटलं, मागच्या गाडीने ये. तू गाडी थांबवून माझ्याकडे बघत राहिलास. बराच वेळ बघत राहिलास. मी डबल बेल दिली. त्यावर तू आजपर्यंत एक शब्द बोलला नाहीस आणि तीही बोलली नव्हती, कालपर्यंत. मला लाज वाटते, सत्तारभाई. कपाटासमोर बसलो तेव्हा वाटली नाही तेवढी काल वाटली.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं यासाठीच. माझ्याच्याने तिला विचारवत नाही. चाळीस वर्षांत चल म्हटलं नाही, आता जीभ उचलत नाही. आणि विचारलं तर घरचे म्हणतील, बघा, नानाला सोबत लागायला लागली. तेव्हा जमीलाभाभींना सांग, पत्र मिळताच नानीबाईच्या फोनवर फोन करायचा (नंबर मागच्या पानावर लिहिला आहे, मी आज पाठ केला) आणि एकतीस तारखेला तिला जेवायला बोलवायचं. फक्त तिला. माझं नावसुद्धा घ्यायचं नाही. तिने विचारलंच तर म्हणावं, तोताराम काय, तो तुम्हाला पोचवायला येईल.